कोटाचं फूल, सहा पौंड

येस्टिन, माझ्या बहिणीचा मुलगा,
फुलांच्या बादल्या सरकवून लॅपटॉप मांडतो
आणि विचारतो,
"मावशी, किमतीच्या रकान्यात काय लिहू?"
लिही, म्हणते मी, कृपया चौकशी करावी.
झाकली मूठ सव्वा लाखाची.

देठ छाटता छाटता त्याला कारणं देते:
पिओनी मे महिन्यात परवडते, ऑगस्टात सोन्याची होते.
हॉलंडचा ट्रक दर मंगळवारी नवा भाव घेऊन येतो.
शिवाय रस्त्याच्या वरच्या टोकाला डेलिथ टपून बसलीये,
मी पन्नास म्हटलं की ती पंचेचाळीस म्हणेल.
सगळी खरी कारणं.
एक सांगितलं नाही.

दारातून माणूस आत येतो
तेव्हा मी आधी बाहेर उभी गाडी बघते,
मग अंगठी, मग पत्ता विचारते.
टेकडीवरच्या बंगल्याला जो गुच्छ एकशे ऐंशी,
तोच पत्र्याच्या बंद कारखान्यामागच्या घरांना नव्वद.
वरचं काढून खाली ओतते.
बावीस वर्षं मी याला
मनातल्या मनात न्याय म्हणत आले.

त्या रात्री पावणेबाराला एक ईमेल आली.
नेरिस नावाची मुलगी, इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला.
"माफ करा, विचारायला संकोच वाटतो.
रजिस्टर लग्न आहे, माणसं नऊ.
सहा दुकानांना विचारलं.
दोघांनी उत्तरच दिलं नाही,
बाकीचे विचारतात, तुमचं बजेट किती?
मला आधी कळायला हवं ना
की बजेट म्हणजे किती असावं लागतं?"

भीड भिकेची बहीण म्हणतात.
ती तर माफी मागून
नुसता भाव विचारत होती.

मला स्वॉन्झीचं ते कपड्यांचं दुकान आठवलं,
माझ्या लग्नाआधीचं.
आईनं हातमोजा काढून सॅटिन चाचपलं,
शिवणीत, काखेत, गळ्यापाशी कुठेच चिठ्ठी नव्हती.
आईनं विचारलं.
दुकानातल्या बाईनं आईच्या बुटांकडे पाहिलं
आणि मग आकडा सांगितला.
"नुसतं बघतोय आम्ही," आई म्हणाली.
परतीच्या बसमध्ये
ती रुमालाला थुंकी लावून
बुटाचं टोक पुसत राहिली, स्टेशन येईपर्यंत.

सकाळी येस्टिनला बसवलं शेजारी.
नवरीचा गुच्छ, मोठा, एकशे तीस.
लहान, पंचावन्न.
कोटाचं फूल, सहा.
टेबलावरचं, अठ्ठावीस, बरणी परत केल्यास पंचवीस.
प्रत्येक आकड्यापाशी बोट अडखळत होतं,
जणू कुणी दुकानाच्या काचेवरचा पडदा ओढतंय
आणि मी आत अजून केस विंचरतेय.

दुपारी डेलिथचा फोन.
"सहा? डोकं फिरलंय का तुझं?"
आठवड्यानं तिच्याही दुकानाच्या काचेत पाटी लागली,
कोटाचं फूल, सात.
बंगल्यातल्या बाई एकशे तीस देऊन गेल्या,
जाताना म्हणाल्या, "आम्हाला वाटलं होतं महाग असाल."
काही बोलले नाही.
त्या पन्नास पौंडांचं काय करायचे मी,
ते त्यांना कुठे माहीत होतं.

शुक्रवारी नेरिस आली.
लहान गुच्छ एक, कोटाची फुलं दोन.
सदुसष्ट पौंड, नोटा आणि नाणी वेगवेगळ्या पाकिटांत.
मी गुच्छात, ती पैसे मोजत असताना,
स्वीट पीच्या तीन डहाळ्या खोचल्या, गुलाबी.
जुनी सवय.

तिनं बघितलं.
"हे यादीत नव्हतं," म्हणाली.
"किती झाले याचे?"

राहू दे म्हणणार होते,
पण ती पाकीट उघडं धरून
माझ्या तोंडाकडे बघत उभी होती,
सरळ, घाई नसल्यासारखी.

"पन्नास पेन्स," मी म्हटलं.

तिनं नाणं गल्ल्याशेजारी ठेवलं
आणि पावती मागितली.